छोट्या वेबसाइटवर पेमेंटचं बटण: कुठलं घ्यावं, कसं लावावं आणि पैसे आले हे कशावरून धरावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाच पानांची, साध्या एचटीएमएलमध्ये लिहिलेली वेबसाइट आहे. तिच्यावरून चित्रकलेच्या दोन कार्यशाळांची फी, एका पीडीएफ पुस्तिकेची किंमत आणि कुणाला मनापासून द्यावीशी वाटली तर ऐच्छिक मदत, एवढंच ऑनलाइन घ्यायचंय. एकाने सुचवलं की पूर्ण शॉपिंग कार्ट बसवा. दुसऱ्याने सांगितलं की कार्डाचा फॉर्म स्वतःच बनवा, म्हणजे माणूस आपलं पान सोडून जाणार नाही. नुसत्या बटणावर भागेल का, आणि त्यात कुठे फसायला होतं, हे तुम्हाला हवंय.

भागेल. चार गोष्टी विकायला कार्ट बसवू नका. कार्ट म्हणजे एक चालतं सॉफ्टवेअर, त्याचा डेटाबेस, त्याची प्लगइन्स आणि दर काही आठवड्यांनी येणारे सुरक्षेचे अपडेट्स. ते अपडेट्स वर्षभर केले नाहीत की वेबसाइट दार उघडं टाकलेल्या घरासारखी होते. एकाच खेपेला पाच वस्तू घेणारा ग्राहक असेल, वजनावर पाठवणीचा खर्च ठरत असेल, माल किती उरला हे मोजायचं असेल, तेव्हा कार्टला पर्याय नसतो. तुमच्याकडे यातलं काहीच नाही.

दुसरा सल्ला मात्र मी ठामपणे मोडून काढतो. कार्डाचा नंबर तुमच्या फॉर्ममध्ये, तुमच्या सर्व्हरवर, क्षणभरसुद्धा येऊ देऊ नका. कार्डाची माहिती हाताळणाऱ्या प्रत्येकाला पीसीआय डीएसएस नावाचं सुरक्षेचं मानक लागू होतं. त्याची पहिली आवृत्ती २००४ च्या डिसेंबरमध्ये आली आणि २००६ मध्ये व्हिसा, मास्टरकार्ड, अमेरिकन एक्सप्रेस, डिस्कव्हर आणि जेसीबी यांनी मिळून ते सांभाळणारी परिषद स्थापन केली. ग्राहकाला थेट पेमेंट कंपनीच्या पानावर पाठवलंत तर तुमच्या वाट्याला स्वयंघोषणेची सर्वांत छोटी प्रश्नावली येते. कार्ड स्वतःच्या सर्व्हरवर घेतलंत तर तीच प्रश्नावली दोनशेहून जास्त मुद्द्यांची होते. कार्डामागचा तीन आकडी सीव्हीव्ही व्यवहार मंजूर झाल्यावर साठवायलाच बंदी आहे, आणि हौशी फॉर्ममधून तो ईमेलने स्वतःला पाठवून घेणारे लोक मी पाहिलेत.

हे भय वाढवून सांगत नाही. २०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या वेबसाइटवरच्या एका जावास्क्रिप्ट फाइलमध्ये चोरट्यांनी २२ ओळी घुसवल्या. ग्राहक कार्डाचा तपशील भरून बटण दाबत, पैसे ठरल्याप्रमाणे जात, तिकीटही मिळे, आणि तोच तपशील चोरट्यांच्या सर्व्हरकडेही जाई. पानावर काहीही बिघडलेलं दिसत नव्हतं. २०२० मध्ये त्या कंपनीला ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी २ कोटी पौंडांचा दंड केला. सुरक्षेची माणसं पदरी असलेल्या कंपनीची ही गत, तर एकट्याने वेबसाइट चालवणाऱ्याने कार्डाचा फॉर्म बनवू नये. माणूस दोन मिनिटं आपलं पान सोडून गेला तर काही बिघडत नाही. उलट ओळखीच्या पेमेंट पानावर आल्यावर त्याचा जीव भांड्यात पडतो.

आता बटणांकडे येऊ. दिसायला सगळी सारखी असली तरी आतून तीन जातींची असतात, आणि फरक एवढाच की किंमत कुठे लिहिलेली आहे.

सर्वांत सोपी जात म्हणजे पेमेंट लिंक. पेमेंट कंपनीच्या खात्यात जाऊन तुम्ही वस्तूचं नाव आणि किंमत भरता, ती तुम्हाला एक पत्ता देते, आणि तो पत्ता तुमच्या पानावरच्या बटणात टाकला की काम झालं. स्ट्राइप या पेमेंट कंपनीने ही सोय २०२१ मध्ये पेमेंट लिंक्स या नावाने आणली. पेपॅलकडे आणि इतर बहुतेक पेमेंट कंपन्यांकडेही असंच काहीतरी आहे. कोड जवळजवळ नाहीच. हीच लिंक ईमेलमध्ये चालते, क्यूआर कोड करून कागदावर छापली तरी चालते. किंमत त्यांच्या सर्व्हरवर असते, त्यामुळे ग्राहक आपल्या ब्राउझरमध्ये खुडबूड करून ती बदलू शकत नाही.

दुसरी जात जुनी आणि अजूनही पुष्कळ ठिकाणी सापडणारी: छुप्या फील्ड्स असलेला एचटीएमएल फॉर्म. पेपॅलच्या जुन्या बटणांमुळे ती घरोघरी पोचली. फॉर्ममध्ये तुमच्या खात्याचा ईमेल, वस्तूचं नाव, रक्कम आणि चलन लिहिलेलं असतं आणि बटण दाबलं की ते सगळं पेमेंट कंपनीकडे जातं. अडचण अशी की ती रक्कम तुमच्या पानात, म्हणजेच ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये असते. कुणाही माणसाने बटणावर उजवी क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ निवडावं, रक्कम लिहिलेल्या ओळीवर दोनदा टिचकी मारावी, ५०० खोडून १ लिहावं आणि बटण दाबावं. वीस सेकंदांचं काम आहे, कुठलंही खास ज्ञान लागत नाही. समोरच्या पानावर एकचीच मागणी दिसते, तो एक भरतो, आणि तुम्हाला ‘पेमेंट यशस्वी’ असा ईमेल येतो. नुसता विषय वाचून माल पाठवलात तर गेलाच. म्हणून पेपॅलनेच पुढे ‘होस्टेड’ बटणं आणली, ज्यांच्या फॉर्ममध्ये रकमेऐवजी फक्त बटणाचा क्रमांक असतो आणि किंमत त्यांच्याकडे राहते. कुणी तुम्हाला तयार फॉर्म दिला असेल तर पानाचा सोर्स उघडा आणि किंमत तिथे उघडी पडलीय का ते पाहा. पडली असेल तर तो फॉर्म काढून टाका.

तिसऱ्या जातीत बटण दाबल्यावर आधी तुमचा स्वतःचा सर्व्हर पेमेंट कंपनीला सांगतो की अमुक माणसासाठी, अमुक रकमेचा व्यवहार उघड. मग ग्राहकाला त्या व्यवहाराच्या पानावर पाठवतो. किंमत तुमच्या सर्व्हरवर असते. सवलतीचे कोड, वेगवेगळ्या मुदतींचे वर्ग, सदस्यांसाठी वेगळा दर असं काही असेल तर हा रस्ता धरा. पण त्याला सर्व्हरवर चालणारा कोड लागतो, तुमच्याकडे नुसत्या एचटीएमएल फाइल्स आहेत. तेव्हा तुम्ही पहिल्या जातीवर राहा: दोन कार्यशाळांच्या दोन लिंक्स, पुस्तिकेची एक, मदतीची एक. एकूण चार.

एक सूचना इथेच देतो, कारण ती चूक मला फार वेळा निस्तरावी लागलीय. किंमत तुमच्या पानावरही लिहिलेली असते आणि लिंकमध्येही. एक बदलून दुसरी बदलायची राहिली की पानावर एक आकडा आणि पेमेंटच्या वेळी दुसरा. लोक यावर भांडत नाहीत, मुकाट्याने पान बंद करून जातात, आणि विक्री का थांबली हे महिनाभर कळत नाही. किंमत बदलायची झाली तर आधी नवी लिंक बनवा, पान बदला, नव्या लिंकवरून स्वतः उघडून पाहा आणि मगच जुनी लिंक बंद करा. जुनी लिंक बंद करायला विसरू नका, ती कुणाच्या तरी ईमेलमध्ये पडलेली असते.

बटण लागलं. इथपर्यंत दहा मिनिटं. आता ज्यासाठी मी एवढं लांबलचक लिहायला बसलो ते सांगतो: पैसे आले हे कशावरून धरायचं?

पेमेंट झाल्यावर ग्राहकाला परत कुठल्या पानावर आणायचं हे सगळ्या कंपन्या विचारतात. आपण एक ‘धन्यवाद’ पान बनवतो आणि आपल्याला वाटतं की जो या पानावर आला त्याने पैसे भरले. हा समज पूर्ण चुकीचा आहे, दोन्ही बाजूंनी.

काही वर्षांपूर्वी गायनाचे वर्ग घेणाऱ्या एका शिक्षिकेच्या वेबसाइटवर मी असंच केलं होतं. धन्यवाद पान उघडलं की माझा कोड नोंदवहीत नाव चढवायचा. एका पालकांनी फोनवरून फी भरायला घेतली. कार्डाचा नंबर टाकला, बँकेने पाठवलेला संकेतांक टाकला, आणि तेवढ्यात कुणाचा तरी फोन आला. बोलणं संपेपर्यंत ब्राउझरची ती खिडकी फोनने मिटून टाकलेली. पैसे गेले होते, धन्यवाद पान उघडलंच नव्हतं, नाव चढलं नव्हतं. वेबसाइटवर नाव दिसेना म्हणून त्यांनी पुन्हा भरली. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा संगणकावरून भरली तेव्हा कुठे नाव आलं. संध्याकाळी मी दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या: पेमेंट कंपनीकडे अकरा मिनिटांत तीन यशस्वी व्यवहार, आणि आमच्या वहीत एक नाव. त्याच आठवड्यात उलटंही झालं. एका विद्यार्थ्याने ‘झाला माझा प्रवेश’ म्हणून धन्यवाद पानाचा पत्ताच मित्रांना पाठवला. ज्या मित्राने तो उघडला, त्याचं नाव एक पैसा न भरता वहीत. त्या पालकांची दोनदा जास्त भरलेली फी परत जाईपर्यंत मला स्वस्थ बसवलं नाही.

म्हणून धन्यवाद पानाचं काम धन्यवाद म्हणणं एवढंच. ‘तुमचं पेमेंट पोचल्याचा ईमेल थोड्याच वेळात येईल, तासाभरात आला नाही तर या पत्त्यावर कळवा, पुन्हा पैसे भरू नका’ असं तिथे स्पष्ट लिहा. शेवटचे चार शब्द फार कामाचे आहेत.

खरी साक्ष दोनच ठिकाणी असते. एक, पेमेंट कंपनीच्या तुमच्या खात्यातली व्यवहारांची यादी. दुसरी, ती कंपनी तुमच्या सर्व्हरला परस्पर पाठवते तो निरोप, ज्याला वेबहुक म्हणतात. ग्राहकाचा फोन बंद पडला, नेटवर्क गेलं, त्याने खिडकी मिटली, तरी वेबहुक येतोच, कारण तो दोन सर्व्हरमधला मामला असतो.

तुमच्या आवाक्याला मी वेबहुक सुचवणार नाही. महिन्याला वीस-पंचवीस व्यवहार असतील तर रोज सकाळी खात्यातली यादी उघडा, नावं वहीत उतरवा, पुस्तिकेची फाइल ईमेलने पाठवा. यात कमीपणा काही नाही. हाताने केलेली नोंद वीस व्यवहारांपर्यंत कुठल्याही कोडपेक्षा चोख असते. फक्त व्यवहार यशस्वी झाल्याचा ईमेल आला म्हणून माल पाठवू नका, खात्यात जाऊन रक्कम आणि स्थिती डोळ्यांनी पाहा. पेमेंट कंपनीच्या ईमेलची हुबेहूब नक्कल करून पाठवणं अवघड नसतं.

पण काम वाढलं आणि वेबहुक लावायची वेळ आली, किंवा कुणाकडून लावून घेतलात, तर तीन गोष्टी त्या माणसाला जरूर विचारा.

पहिली, निरोप खरा कशावरून? वेबहुकचा पत्ता उघडा असतो, त्यावर कुणीही खोटा निरोप पाठवू शकतो. म्हणून प्रत्येक निरोपावर सही असते. स्ट्राइप वेळ आणि निरोपाचा मजकूर मिळून एका गुप्त किल्लीने, म्हणजे फक्त तुम्हा दोघांना माहीत असलेल्या सांकेतिक शब्दाने, त्याची सही बनवते. तुमच्या सर्व्हरने त्याच किल्लीने तीच सही पुन्हा काढायची, जुळली तरच निरोप घ्यायचा, आणि वेळ पाच मिनिटांहून जुनी असेल तर नाकारायचा. पेपॅलच्या जुन्या आयपीएन पद्धतीत आलेला निरोप जसाच्या तसा त्यांना परत पाठवून ‘हा तुमचाच का’ असं विचारावं लागे. पद्धत कुठलीही असो, ही तपासणी वगळलेली असेल तर वेबहुक नसलेला बरा.

दुसरी, एकच निरोप दोनदा आला तर? येतो. तुमच्या सर्व्हरने ‘पोचला’ असं उत्तर दिलं नाही, किंवा उत्तर वाटेत हरवलं, तर कंपनी तो निरोप पुन्हा पाठवत राहते. स्ट्राइप आणि पेपॅल दोघेही तीन दिवसांपर्यंत प्रयत्न करतात. कोड भाबडा असेल तर एका पेमेंटवर एका माणसाच्या नावाने चार जागा अडवल्या जातात. उपाय सोपा आहे: व्यवहाराचा क्रमांक डेटाबेसमध्ये असा ठेवायचा की तोच क्रमांक दुसऱ्यांदा घालताच येणार नाही. आधी तपासू आणि मग घालू असं नको, कारण दोन निरोप एकाच क्षणी आले तर दोन्ही तपासण्या पार होतात. डेटाबेसलाच नाही म्हणू द्या. आणि उत्तर लगेच द्यायचं. ईमेल पाठवणं, पीडीएफ बनवणं असली वेळखाऊ कामं नंतर करायची.

तिसरी, किती आणि कशाचे पैसे आले हे पाहिलं का? निरोप खरा आहे एवढ्याने भागत नाही. रक्कम, चलन, पैसे आपल्याच खात्यात आलेत हे, आणि स्थिती ‘पूर्ण’ आहे की अजून ‘प्रलंबित’, हे सगळं जुळवायचं. काही प्रकारांत, विशेषतः बँकेतून थेट पैसे वळते करण्यात, व्यवहार सुरू होतो एका दिवशी आणि पूर्ण होतो काही दिवसांनी.

रकमेवरून आठवलं. बऱ्याच कंपन्या रक्कम चलनाच्या सर्वांत लहान एककात मागतात, म्हणजे शंभराच्या जागी १०००० लिहायचं. जपानी येनला लहान एकक नाही, तिथे ५०० म्हणजे ५००च. कुवेती दिनारचे हजार भाग होतात. हे न पाहता सरसकट शंभराने गुणलं की कुणाला तरी शंभरपट बिल जातं. कोड लिहिणाऱ्याला एवढंही सांगा की पैसे दशांश चिन्हाच्या आकड्यात ठेवू नकोस, पूर्णांकात ठेव. जावास्क्रिप्टला ०.१ अधिक ०.२ विचारा, उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं.

पैसे कुणी भरले हे कळणं हाही वेगळाच प्रश्न आहे. पालक स्वतःच्या कार्डाने मुलीची फी भरतात, ऑफिसातला सहकारी मित्रासाठी भरतो. कार्डावरचं नाव आणि येणाऱ्या माणसाचं नाव एक नसतं. म्हणून पेमेंट लिंक बनवतानाच एक जादा रकाना जोडा: ‘कार्यशाळेला येणाऱ्याचं नाव’. जास्त रकाने नकोत, प्रत्येक रकान्यागणिक काही माणसं कंटाळून निघून जातात. नाव आणि ईमेल पुरे.

कार्यशाळेच्या जागा मर्यादित असतील तर लिंकवरच मर्यादा घाला. इतकी पेमेंट्स झाली की लिंक आपोआप बंद, अशी सोय स्ट्राइपसारख्या कंपन्या देतात. ‘जागा भरल्या की मी स्वतः बटण काढेन’ यावर विसंबू नका. जागा रात्री भरतात आणि तुम्ही सकाळी उठता.

पुस्तिकेचं वेगळं. लोक पीडीएफ वेबसाइटच्या फोल्डरमध्ये ठेवतात आणि धन्यवाद पानावर तिची लिंक देतात. तो पत्ता एकदा बाहेर गेला की पुस्तिका फुकट झाली, आणि सर्च इंजिनलाही ती सापडते. काही कंपन्या पैसे भरल्यावर थोड्या वेळापुरता चालणारा डाउनलोडचा पत्ता देतात, तो वापरा. नाही तर सकाळची यादी बघून ईमेलने पाठवा.

आता खुद्द बटण. त्यावर ‘सबमिट’ लिहू नका, ‘येथे क्लिक करा’ही नको. ‘कार्यशाळेची फी भरा’ लिहा, शेजारी रक्कम लिहा. बोटाने दाबायचं असतं, म्हणून निदान ४४ पिक्सेल उंच ठेवा. चित्र करून टाकू नका. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्या माणसाला पान वाचून दाखवणारं स्क्रीन रीडर चित्रातला मजकूर वाचू शकत नाही, त्याला खरं एचटीएमएल बटण किंवा लिंकच लागते. बटणाखाली एक ओळ असू द्या: पेमेंट कुठल्या कंपनीच्या पानावर होईल आणि पावती कशी मिळेल. पान अचानक बदलून दुसरंच नाव दिसलं की माणूस दचकतो, आधी सांगितलं तर दचकत नाही. आणि परतफेडीचा नियम व अडचण आली तर संपर्काचा पत्ता बटणाजवळच ठेवा, तळाच्या बारीक अक्षरांत नको.

वेबसाइट एचटीटीपीएसवर, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधली देवाणघेवाण कुलूपबंद ठेवणाऱ्या पद्धतीवर, हवीच. पेमेंट दुसऱ्याच्या पानावर होत असलं तरी हवी, कारण तुमचं पान साध्या एचटीटीपीवर असेल तर वाटेत कुणीही बटणातला पत्ता बदलून ग्राहकाला स्वतःच्या नकली पानावर नेऊ शकतो. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र फुकट मिळतं आणि बहुतेक होस्टिंगवाले ते आपोआप बसवून देतात. याच कारणासाठी वेबसाइटचा आणि पेमेंट खात्याचा पासवर्ड वेगवेगळा ठेवा आणि दोन्हीकडे दोन टप्प्यांचं लॉगिन सुरू करा. तुमच्या बाबतीत चोराला कार्ड चोरायची गरजच नाही. चार बटणांतले चार पत्ते बदलले की झालं. म्हणून आठवड्यातून एकदा दुसऱ्याच्या फोनवरून आपली चारही बटणं दाबून पाहायची सवय लावून घ्या.

किल्ल्यांचं थोडक्यात: कंपनी दोन किल्ल्या देते, एक जाहीर आणि एक गुप्त. जाहीर किल्ली पानात असली तर चालते. गुप्त किल्ली एचटीएमएलमध्ये, जावास्क्रिप्टमध्ये किंवा गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर टाकली तर ती गेली असंच समजायचं. फाइलमधून खोडली तरी गिटच्या इतिहासात राहते, त्यामुळे ती रद्द करून नवी घेणं हाच मार्ग. तुम्ही नुसत्या लिंक्स वापरणार असाल तर गुप्त किल्लीला हातच लावायचा नाही.

ऐच्छिक मदतीचं बटण सगळ्यांत निरुपद्रवी वाटतं आणि त्यालाच सर्वांत जास्त जपावं लागतं. ‘हवी ती रक्कम भरा’ असा मोकळा रकाना दिसला की चोरीची कार्डं चालतात का हे तपासणाऱ्यांना तो सापडतो. ते यंत्राकडून शेकडो कार्डं, अगदी लहान रकमेने, त्या बटणावर तपासून घेतात. सकाळी तुम्ही बघता तर रात्रीत तीनशे प्रयत्न, बहुतेक नाकारलेले, काही यशस्वी. ते यशस्वी पैसे तुमचे नव्हेत. कार्डाचा खरा मालक तक्रार करेल, पैसे परत जातील आणि वर तक्रारीचा दंडही तुमच्यावर. म्हणून मोकळ्या रकान्याऐवजी तीन-चार ठरावीक रकमा ठेवा, सर्वांत लहान रक्कम अगदीच नगण्य नको, आणि कंपनीने यंत्रांना अडवण्याची सोय दिली असेल तर ती सुरू ठेवा. असला हल्ला दिसलाच तर लिंक तात्पुरती बंद करा आणि संशयित व्यवहार तक्रार येण्याआधी स्वतःहून परत करा.

तक्रार म्हणजे चार्जबॅक. ग्राहक तुमच्याशी न बोलता बँकेला सांगतो की हा व्यवहार माझा नाही किंवा मला माल मिळाला नाही. यासाठी त्याला साधारण चार महिन्यांपर्यंत मुदत असू शकते. यातल्या पुष्कळ तक्रारी लबाडीच्या नसतात. माणूस महिन्याचं स्टेटमेंट बघतो, त्यावर एक अनोळखी नाव दिसतं, त्याला काही आठवत नाही. ते नाव तुम्ही ठरवू शकता. स्ट्राइपमध्ये त्याला २२ अक्षरांची मर्यादा आहे. वेबसाइट ज्या नावाने ओळखली जाते तेच तिथे लिहा, कागदोपत्री नोंदवलेलं लांबलचक नाव नको. एवढ्या एका बदलाने तक्रारी थांबलेल्या मी पाहिल्यात. बाकी पुरावा म्हणून नोंदणीचा ईमेल, पुस्तिका पाठवल्याची वेळ, हजेरी असं जपून ठेवा.

शुल्काचं गणित बटण लावण्याआधी करा. बहुतेक कंपन्या प्रत्येक व्यवहारावर काही टक्के आणि वर एक ठरावीक रक्कम घेतात. फी मोठी असेल तर ठरावीक रक्कम जाणवत नाही. पुस्तिका अगदी स्वस्त असेल तर तीच खाऊन टाकते. मग पुस्तिका एकेकटी विकण्याऐवजी कार्यशाळेबरोबर देणं परवडतं. आणि पैसे परत केले तरी घेतलेलं शुल्क अनेक कंपन्या परत देत नाहीत, हेही हिशेबात धरा.

आता चाचणी. प्रत्येक कंपनीचा टेस्ट मोड असतो, त्यात खरे पैसे हलत नाहीत. स्ट्राइपचं चाचणीचं कार्ड आहे ४२४२ ४२४२ ४२४२ ४२४२, मुदतीची कुठलीही पुढची तारीख आणि कुठलाही सीव्हीव्ही. हा नंबर नुसता लक्षात राहायला सोपा म्हणून घेतलेला नाही. उजवीकडून एक सोडून एक आकडा दुप्पट करा: आठ चारांचे आठ-आठ, म्हणजे ६४. त्यात उरलेल्या आठ दोनांचे १६ मिळवा, ८० होतात. बेरजेला दहाने भाग गेला म्हणजे नंबर रचनेने योग्य. ही तपासणी आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी शोधली आणि १९६० मध्ये तिला पेटंट मिळालं. कार्डाचा एक आकडा चुकला की फॉर्म लगेच लाल होतो तो हिच्यामुळे.

यशस्वी पेमेंटची चाचणी सगळेच करतात. तुम्ही नाकारलेल्या कार्डाचीही करा, त्यासाठी ४००० ०००० ०००० ०००२ हा नंबर आहे. पेमेंट अर्धवट सोडून मागे या. पेमेंट झाल्या झाल्या खिडकी मिटून टाका. बटण दोनदा भराभर दाबा. वेबसाइटची लिंक मेसेजिंगच्या ॲपमध्ये पाठवून तिथूनच उघडा, कारण त्या ॲप्सच्या आतल्या ब्राउझरमध्ये पेमेंटची पानं कधीकधी अडतात आणि तुमचे निम्मे लोक तिथूनच येणार आहेत. अडलं तर बटणाखाली ‘ब्राउझरमध्ये उघडा’ अशी ओळ घाला.

सगळं नीट दिसलं की टेस्ट मोडमधल्या लिंक्स काढून खऱ्या लिंक्स लावा. दोन्ही दिसायला जवळजवळ सारख्या असतात, आणि टेस्ट लिंक राहून गेली तर ग्राहकाचं खरं कार्ड तिथे चालतच नाही. मग पुस्तिका स्वतःच स्वतःच्या कार्डाने विकत घ्या. पावतीचा ईमेल आला का, स्पॅममध्ये गेला का, बँकेच्या स्टेटमेंटवर नाव काय उमटलं, हे पाहा. दुसऱ्या दिवशी तोच व्यवहार खात्यातून परत करून बघा, म्हणजे कुणी पहिल्यांदा पैसे परत मागेल तेव्हा बटणं शोधत बसावं लागणार नाही. पहिली रक्कम बँकेत जमा व्हायला काही दिवस लागतात, नव्या खात्याला जरा जास्तच. ती जमा होईपर्यंत, किती कापून आले ते वहीत लिहीपर्यंत, कार्यशाळेची जाहिरात थांबवून ठेवा.